परिभाषेचे दोन अर्थ : इंटरनेट-जोडणीच्या सामाईक प्रोफाइलच्या निमित्ताने

'परिभाषा' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. शास्त्रीय संज्ञांचा संग्रह हा आज रूढ असलेला अर्थ. दुसरा अर्थ व्याकरणशास्त्रातला : एकाच स्थळी अनेक नियम प्राप्त झाले असता कोणता नियम कसा लावावयाचा, हे सांगणारा नियम म्हणजे परिभाषा. हा दुसरा अर्थ साताऱ्याला नवा नाही. भास्करशास्त्री अभ्यंकरांच्या शिष्यपरंपरेने तेथे व्याकरणाचे अध्यापन केले आणि त्यांचे नातू वासुदेवशास्त्री यांनी नागेशभट्टांच्या 'परिभाषेन्दुशेखरा'वर टीका लिहिली. पहिल्या अर्थाचेही मोठे कार्य त्याच जिल्ह्यात झाले; वाईच्या मराठी विश्वकोशाचा परिभाषासंग्रह १९७३ साली प्रसिद्ध झाला. असे असूनही आधुनिक तंत्रविद्येसाठी मराठी घडविताना आपण पहिल्या अर्थाशीच थांबतो, असे माझे मत आहे. ते एका व्यावहारिक उदाहरणावर तपासून पाहावयाचे आहे.

सातारा-सांगलीकडे कराड, विटा, तासगाव, मिरज यांसारख्या गावांत घरोघरी इंटरनेट पुरविणारा लहान सेवादार पुष्कळदा 'पीपीपीओई' या १९९९ साली लेखनिविष्ट झालेल्या पद्धतीचा अवलंब करतो. ग्राहकाच्या घरचे यंत्र नाव व पासवर्ड पाठविते. सेवादाराचा राऊटर ते पडताळून जोडणी उघडतो. त्यासाठी राऊटरमध्ये प्रत्येक ग्राहकाची एक नोंद असते. परंतु वेगाची मर्यादा, ज्या संचयातून पत्ता द्यावयाचा तो संचय, नावांचे पत्ते शोधून देणारा सर्व्हर इत्यादी गोष्टी शेकडो ग्राहकांना समान असतात. त्या प्रत्येक नोंदीत पुनःपुन्हा लिहिण्याऐवजी एकदाच एकत्र लिहून ठेवतात आणि ग्राहकाच्या नोंदीत केवळ त्या लेखाचे नाव देतात. या सामाईक लेखाला 'प्रोफाइल' म्हणतात.

आता या शब्दाला मराठी पर्याय शोधू लागल्यास तीन शब्द सहज सुचतात. 'रूपरेखा' हा पहिला. रूपरेखा एखाद्या वस्तूची बाह्याकृती दाखविते. येथे तर कोणा एकाची आकृती अभिप्रेतच नाही. दुसरा शब्द 'साचा'. साच्यातून मूर्ती निघाली की तिचा साच्याशी संबंध संपतो. ग्राहकाच्या नोंदीचा प्रोफाइलशी असलेला संबंध मात्र संपत नाही; प्रोफाइलमध्ये उद्या केलेला बदल त्या ग्राहकाच्या पुढील जोडणीला लागू होतो. तिसरा शब्द 'नमुना'. सात-बाराच्या उताऱ्यामुळे तो खेड्यापाड्यांत परिचित आहे. परंतु गाव-नमुन्यात रकाने कोरे असतात आणि प्रत्येकाने ते आपापल्या माहितीने भरावयाचे असतात. प्रोफाइलची स्थिती नेमकी उलट आहे. तेथे रकाने आधीच भरलेले असतात आणि ग्राहकाच्या नोंदीत काही वेगळे लिहिले नसेल तर तीच मूल्ये लागू होतात.

तिन्ही शब्द अपुरे ठरतात, याचे कारण मराठीचे दारिद्र्य नव्हे. येथे वस्तूपेक्षा दोन लेखांमधील संबंध महत्त्वाचा आहे आणि संबंध हा एका नामात मावत नाही. इंग्रजीतही तो मावलेला नाही. लॅटव्हियातील मिक्रोटिक कंपनीच्या राऊटर-ओएस या प्रणालीत ग्राहकाच्या नोंदीला 'सीक्रेट', म्हणजे गुपित, असे नाव आहे. वस्तुतः त्या नोंदीत पासवर्डखेरीज इतरही बरेच असते. नाव अपारदर्शक असूनही तंत्रज्ञाचे काम अडत नाही, कारण नावासोबत नियम सांगितलेला असतो.

तो नियम व्याकरणाच्या अभ्यासकाला ओळखीचा वाटेल. प्रोफाइल हा उत्सर्ग, म्हणजे सामान्य विधी; ग्राहकाची नोंद हा अपवाद, म्हणजे विशेष विधी. दोहोंत विरोध आला तर अपवाद बलवान. ग्राहकांची माहिती 'रेडियस' या मध्यवर्ती सर्व्हरवर असेल तर तेथून आलेले मूल्य प्रोफाइलला बाधित करते. जे मूल्य तेथून आले नाही, ते प्रोफाइलमधून घेतले जाते. येथवर साम्य पूर्ण आहे. मात्र राऊटर-ओएसमध्ये या नियमालाही एक मर्यादा आहे. पत्त्यांच्या बाबतीत एकाकी पत्ता हा संचयापेक्षा नेहमीच बलवान मानला जातो, मग तो नोंदीत असो वा प्रोफाइलमध्ये. अर्थात् विशेषत्वाचे येथे दोन मापदंड आहेत : विधी एकासाठी आहे की अनेकांसाठी, आणि मूल्य एकच आहे की संचय. त्यांत विरोध आल्यास दुसरा मापदंड जिंकतो.

ही सूक्ष्मता केवळ पांडित्याची नाही. समजा, एका पतसंस्थेला कायमचा एकच पत्ता हवा आहे आणि तंत्रज्ञाने तो तिच्या नोंदीत न लिहिता सामाईक प्रोफाइलमध्ये लिहिला. मग त्या प्रोफाइलवरील इतर सर्व ग्राहकांच्या वाट्याला नव्या जोडणीच्या वेळी तोच पत्ता येईल. ज्यांच्या नोंदीत संचयाचे नाव स्वतंत्रपणे दिले आहे, तेही सुटणार नाहीत. चालू असलेल्या जोडण्या मात्र तुटेपर्यंत जुन्याच मूल्यांवर चालतात. त्यामुळे दोष सकाळी घडतो आणि रात्री, वीज जाऊन परत आल्यावर, सगळ्या आळीला जाणवतो. 'रूपरेखा' हा शब्द पाठ असलेला तंत्रज्ञ येथे 'प्रोफाइल' म्हणणाऱ्याहून अधिक शहाणा ठरत नाही.

व्यवहारातील बोलीही या दोषातून मुक्त नाही. ग्राहकाशी बोलताना वापरावयाचा 'प्लॅन' हा शब्द राऊटरसमोरही वापरला जातो. राऊटर-ओएसच्या नोंदीत वेगाची मर्यादा लिहिण्याची सोय नाही. ती प्रोफाइलमधून किंवा रेडियसमधून येते. म्हणून वेगापुरते प्लॅन आणि प्रोफाइल एकरूप दिसतात. परंतु एकाच वेगाचा मासिक प्लॅन आणि वार्षिक प्लॅन यांना दोन प्रोफाइल लागत नाहीत. प्लॅन हा किमतीचा करार आहे, प्रोफाइल हा वर्तनाचा विधी. दोन्ही शब्द परके आहेत, म्हणून गोंधळ झाला, असे नाही. त्यांतील भेद कोणी मराठीत सांगितला नाही, म्हणून झाला.

व्याकरणाची उपमा तंत्रज्ञाच्या काय कामाची, असा आक्षेप येथे संभवतो. तंत्रज्ञाने पाणिनी वाचावा, असे माझे म्हणणे नाही. त्याला 'प्रोफाइल' हा शब्द खुशाल राहू द्यावा; विवाद्य स्थळी काय बलवान, हे मात्र त्याच्या भाषेत, पूर्ण वाक्यात, उदाहरणासह सांगितले पाहिजे. भाषा संचालनालयाने १९६० पासून कोशरचनेचे जे कार्य केले, त्याचे मोल निर्विवाद आहे. परंतु यापुढे तंत्रविषयक कोशात प्रत्येक संज्ञेपुढे केवळ पर्यायी शब्द न देता, ती संज्ञा ज्या नियमात वापरली जाते तो एक नियम आणि तो कोठे मोडतो त्याचे एक उदाहरण द्यावे. अशा नोंदी तयार करण्याचे काम भाषाविभागांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी तंत्रज्ञांच्या शेजारी बसून करण्याजोगे आहे. शब्द उसना घेता येतो. नियम समजण्यासाठी मात्र स्वतःच्या भाषेतले वाक्य लागते.