ज्वालाजींचे वाचन

सुराखानीच्या अग्निमंदिरातील एका शिलालेखाचे छायाचित्र माझ्यासमोर आहे. गाव बाकूजवळचे, कास्पियन समुद्रात शिरलेल्या आब्शेरॉन द्वीपकल्पावरचे. पण लिपी आपली देवनागरी, आरंभी गणेशाला वंदन, आणि साल संवत १८०२, म्हणजे इसवी सन १७४५च्या सुमाराचे. हिंदुस्थानातून व्यापाराला गेलेल्या मंडळींनी तेथे जमिनीतून आपोआप निघणारी ज्योत पाहिली आणि कांगड्याची आठवण ठेवून तिला ‘ज्वालाजी’ म्हटले.

या ज्योतीचे टीकाकार दोन प्रकारचे. एक म्हणतो, ‘चमत्कार!’ दुसरा म्हणतो, ‘चमत्कार कसला? नुसता वायू!’ मला दोघांचेही वाचन अपुरे वाटते. पहिला मजकूर उघडतच नाही. दुसरा शीर्षक वाचून पुस्तक मिटतो.

मजकूर असा आहे. लाखो वर्षांपूर्वी समुद्रतळाच्या चिखलात सूक्ष्म जीव गाडले गेले. त्यांवर गाळाचे थर चढले. उथळ थरांत जीवाणूंनी आणि खोलवर पृथ्वीच्या उष्णतेने त्या अवशेषांपासून मिथेन वायू तयार केला. पाण्याहून हलका असल्यामुळे तो खडकाच्या छिद्राछिद्रांतून वर सरकू लागला. घट्ट चिकणमातीचा थर झाकणासारखा आडवा आला, तेथे साठून राहिला. थरांना घड्या पडून तडे गेले, तेथे त्याला वाट फुटली. झाकण नीट बसले नाही की पातेल्यातून वाफ कशी निसटते, हे वाचक भगिनींना मी काय सांगावे!

पुढचे पान दुःखाचे आहे. आसपास तेलाचा आणि वायूचा उपसा वाढला, भूगर्भातला दाब उतरला, आणि १९६९ साली ज्योत विझली. १९७५ साली मंदिराचे संग्रहालय झाले. आज तेथे जी ज्योत दिसते, ती नळाने आणलेल्या वायूवर जळते. वायू बहुतांशी तोच, उजेडही तसाच. तरी माझ्या मते ही मूळ कृती नव्हे, नक्कल आहे. मूळ ज्योत धरणीच्या पोटातला दाब सांगत होती. ही फक्त चावी उघडी असल्याचे सांगते.

मुंबईत ज्यांच्या घरी नळाचा गॅस आहे, त्यांच्या शेगडीतही मुख्यतः मिथेनच जळतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगाचे पाणी तापवताना ती निळी ज्योत क्षणभर वाचून पाहावी. जे घडायला लाखो वर्षे लागली, ते एका बादलीपुरते संपते. त्याला ‘नुसता वायू’ म्हणायला निदान माझी जीभ रेटत नाही.