यजमान वृत्तपत्र आणि दुसऱ्या दिवशीचा अंक

वृत्तपत्राचे मुख्य कार्य बातमी देण्याचे; परंतु आमच्या प्रदेशातील वृत्तपत्रे आता बातमीप्रमाणेच निमंत्रणेही देऊ लागली आहेत. वर्धापनदिनाचा स्नेहमेळावा, दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांचा गुणगौरव, चतुर्थीतील माटोळी-स्पर्धा, दिवाळीतील आकाशकंदील-स्पर्धा, उद्योजकांना पुरस्कार, निवडणुकीच्या सुमारास उमेदवारांशी वाचकांचा संवाद, असा वर्षभराचा कार्यक्रम कित्येक वृत्तपत्रकचेऱ्यांतून आखला जातो. पणजी, मडगाव, फोंडा असो की बेळगाव असो, सभागृहाच्या दारावरील कापडी फलकावर वृत्तपत्राचे नाव नसेल असा आठवडा विरळाच. अशा समारंभांविषयी कोणी फारसे लिहीत नाही. जे लिहिणार ते यजमान, आणि जे वाचणार ते बहुधा पाहुणे! म्हणूनच या प्रकाराची थोडी चिकित्सा करावी असे आम्हांस वाटते.

वृत्तपत्राने समाजाला एकत्र बोलवावे, यात नवे किंवा वावगे असे काही नाही. मराठी वृत्तपत्रसृष्टीतील याचे सर्वांत मोठे उदाहरण वाचकांस ठाऊकच आहे. १८९३-९४ पासून पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवास जे व्यापक रूप आले, त्यामागे 'केसरी'तील लेखांचे बळ होते. १८९५ मध्ये रायगडावरील शिवछत्रपतींच्या समाधीच्या दुरवस्थेकडे त्याच पत्राने लोकांचे लक्ष वेधले, निधीची हाक दिली, आणि १८९६ मध्ये गडावर उत्सव झाला. पुढे ज्या गायकवाड वाड्यात 'केसरी'ची कचेरी आली, तो वाडा केसरीवाडा म्हणून प्रसिद्धी पावला, व तेथील गणपती पुण्याच्या मानाच्या गणपतींत गणला जातो. छापखाना, संपादकाची बैठक आणि उत्सवाचा मंडप ही तिन्ही एकाच आवारात नांदत होती.

या नात्यातून जी जबाबदारी उत्पन्न होते, तिची कसोटी १८९७ मध्ये लागली. त्या वर्षीच्या जूनमध्ये पुण्यात शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला. प्रा. भानू यांनी अफजलखानाच्या वधावर व्याख्यान दिले. टिळकांचेही भाषण झाले. १५ जूनच्या 'केसरी'त उत्सवाचा वृत्तांत छापून आला व त्याच अंकात शिवाजीमहाराजांच्या तोंडी घातलेली एक कविताही प्रसिद्ध झाली. आठ दिवसांच्या आत, २२ जून रोजी, रँडवर गोळी झाडली गेली. त्यानंतर टिळकांवर राजद्रोहाचा जो खटला झाला, त्याचा आधार त्या कवितेबरोबर हा वृत्तांतच होता. मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे नऊ जणांची ज्यूरी बसली. सहा युरोपीय ज्यूरर दोषी म्हणाले, तिघे हिंदी ज्यूरर निर्दोष म्हणाले. आणि १४ सप्टेंबर १८९७ रोजी अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली.

हा खटला राजकीय इतिहासात नेहमी सांगितला जातो. आम्ही त्याकडे येथे एका निराळ्या बाजूने पाहतो. उत्सवाचे यजमान कोण, व्यासपीठावर कोण बोलले, काय बोलले आणि ते छापले कोणी, या चारही प्रश्नांची उत्तरे १५ जूनच्या अंकावरून मिळत होती. वक्त्याचा मुद्दा वृत्तांतात उतरला होता. तो इतका उतरला होता की, सरकारला त्यातून आरोपपत्र तयार करता आले. समारंभ आपला, वृत्तांत आपला आणि त्याचे परिणामही आपले, अशी ती स्थिती होती. वृत्तपत्राने समाजाचे यजमानपद स्वीकारणे म्हणजे काय, याचे मोल त्या संपादकाने तुरुंगात जाऊन चुकते केले.

परंतु त्या उदाहरणाची पूजा करून थांबणेही योग्य नव्हे. 'केसरी' त्या उत्सवांच्या बाबतीत तटस्थ नव्हता; तो उघड पक्षकार होता. उत्सवाविषयी ज्यांचे मत प्रतिकूल होते, त्यांची बाजू समजून घेण्यास पुणेकरांना दुसरे पत्र उघडावे लागे. पुण्यात तशी पत्रे होती. 'ज्ञानप्रकाश' होता, 'सुधारक' होता. एका पत्राचा पक्षपात दुसऱ्याच्या टीकेने तोलला जाई. आमच्या लहान प्रांतांत ही सोय फारशी नाही. जेथे गावात वाचली जाणारी पत्रे दोन-तीन, आणि प्रत्येकाचा स्वतःचा पुरस्कार-सोहळा, तेथे एक यजमान दुसऱ्या यजमानाच्या घरचे उणे काढीत नाही. कोर्टाच्या भाषेत बोलावयाचे तर, पक्षकार असणे हा दोष नाही; पक्षकार असून तटस्थ साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभे राहणे हा दोष आहे.

आज समारंभांची संख्या का वाढली, याचे कारण गूढ नाही. जाहिरातीचा पैसा छापील कागदावरून भ्रमणध्वनीच्या पडद्याकडे वळला. अंकाची किंमत कागदाचा खर्चही भरून काढीत नाही. तेव्हा सभागृह भरवावे, प्रायोजक मिळवावेत आणि त्या उत्पन्नातून वार्ताहरांचे पगार भागवावेत, हा मार्ग जगभरच्या वृत्तसंस्थांनी धरला. त्यात वाईट मार्ग कोठे सुरू होतो, हे अमेरिकेतील दोन उदाहरणांवरून स्पष्ट दिसते.

पहिले उदाहरण टेक्सास राज्यातील. ऑस्टिन येथे २००९ मध्ये 'टेक्सास ट्रिब्यून' ही विनानफा वृत्तसंस्था निघाली. लोकप्रतिनिधींच्या जाहीर मुलाखती आणि २०११ पासून भरणारा वार्षिक महोत्सव, हे तिच्या उत्पन्नाचे एक मोठे साधन होय. ही संस्था आपल्या देणगीदारांची व प्रायोजकांची नावे प्रसिद्ध करते. आणि ज्याच्याविषयी बातमी आहे तो देणगीदार असेल, तर बातमीखाली तसे नमूद करते. तिच्यावरही टीका झालेली आहे. पण ती टीका करता आली, कारण कागद उघडे होते.

दुसरे उदाहरण त्याच वर्षीचे, राजधानी वॉशिंग्टनमधले. 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या प्रकाशिकेच्या घरी निवडक मंडळींसाठी भोजने योजिली होती. अधिकारी, लोकप्रतिनिधी आणि खुद्द त्या पत्राचे बातमीदार यांच्या पंगतीस बसण्यासाठी एका भोजनाचे पंचवीस हजार डॉलर प्रायोजकाकडून घ्यावयाचे, आणि तेथील बोलणे छापावयाचे नाही, असा तो बेत होता. २ जुलै २००९ रोजी 'पोलिटिको' या दुसऱ्या वृत्तसंस्थेने तो बाहेर काढला. त्याच दिवशी भोजने रद्द झाली व नंतर प्रकाशिकेने वाचकांची क्षमा मागितली. वाटरगेट उघडकीस आणणाऱ्या पत्रावर ही पाळी यावी, यावरून मोह किती बलवान आहे हे समजते. पैसे घेतले हा येथे मुख्य मुद्दा नाही. पैसे टेक्सासच्या संस्थेनेही घेतले. दार बंद केले व छापण्याचा हक्क विकला, येथे ते पत्र चुकले.

आता या मापाने आमच्या घरचे समारंभ मोजून पाहावेत. दार येथे बंद नसते. उलट सर्वांस आग्रहाचे निमंत्रण असते. तथापि समारंभाचा दुसऱ्या दिवशीचा वृत्तांत एक वाङ्मयप्रकार म्हणून वाचला, तर त्याची घडण आश्चर्य वाटावे इतकी ठरलेली आढळते. प्रथम पाहुण्यांनी दीपप्रज्वलन केले. मग शाल, श्रीफळ व स्मृतिचिन्ह. नंतर प्रमुख पाहुण्यांनी या वृत्तपत्राने समाजजागृतीचे केलेले कार्य. त्यानंतर प्रायोजकांची नावे. शेवटी सूत्रसंचालक, आभारप्रदर्शक आणि पसायदान. चार रकान्यांचे छायाचित्र असते, त्यात दहा माणसे असतात, आणि खाली दहाही नावे अचूक असतात. मात्र भाषणात सांगितले काय, ते दोन वाक्यांत आटोपते. सभागृहातून कोणी प्रश्न विचारला काय, विचारला असल्यास त्यास उत्तर काय मिळाले, याचा पत्ता वाचकास लागत नाही. कित्येकदा प्रश्नोत्तरांना कार्यक्रमपत्रिकेत जागाच ठेवलेली नसते. तिकडे पुण्याचा वृत्तांत असा होता की, त्यावरून खटला उभा राहिला. आमच्या वृत्तांतावरून भाषण झाले की नाही याचाही संशय यावा!

हा केवळ लेखनशैलीचा दोष नाही. गोव्यातील मराठी दैनिके उद्योगपतींच्या भांडवलावर उभी राहिली, हे उघड आहे. १९६२ मध्ये 'गोमन्तक' चौगुले घराण्याच्या व १९७० मध्ये 'नवप्रभा' धेंपो घराण्याच्या आश्रयाने निघाले. त्यात लपविण्यासारखे काही नव्हते. मालक कोण हे वाचकाला ठाऊक असे व तो त्या बेताने वाचीत असे. आजच्या समारंभाचा प्रायोजक मात्र असा ठाऊक नसतो. आज व्यासपीठावर ज्याला 'समाजभूषण' म्हटले, त्याच्या गृहप्रकल्पासाठी डोंगर कापला गेल्याची तक्रार उद्या ग्रामसभेत आली, तर ती बातमी कोणत्या पानावर, किती ओळींची येईल? जो मंत्री प्रमुख पाहुणा, त्याच्याच सरकारकडून जाहिराती यावयाच्या असतील, तर त्याच्या खात्यावरील टीकेचा मथळा कोण लिहील? कोणी वाईट हेतूने वागेल असे आम्ही म्हणत नाही. स्वतःच्या प्रकरणात कोणी न्यायाधीश होऊ नये, हा नियम कायद्याने वाईट माणसांसाठी केलेला नाही. तो सज्जनांसाठीच आहे, कारण सज्जनांना आपला कल आपणांस दिसत नाही.

भारतीय प्रेस कौन्सिलने २०१० मध्ये पैसे घेऊन छापलेल्या बातमीविषयी अहवाल दिला, त्यात रोख अथवा वस्तुरूप मोबदल्यासाठी आलेले वृत्त वा विश्लेषण अशी तिची व्याख्या केलेली आहे. प्रायोजकाच्या गौरवाचा चार रकानी वृत्तांत या व्याख्येच्या आत पडतो की बाहेर, यावर आम्हा वकिलांस दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करता येईल. पण ज्या कृत्याच्या बचावासाठी वकील लागावा, ते कृत्य संपादकाने न केलेले बरे.

येथे आमच्या वाचकांस आपल्या देवस्थानांची आठवण करून द्यावीशी वाटते. गोव्यातील देवस्थानांचा कारभार आजही १९३३ च्या माझानी-कायद्यान्वये चालतो. महाजनांनी निवडलेली समिती असते. अध्यक्ष, मुखत्यार, खजिनदार यांची कामे ठरलेली असतात. अंदाजपत्रक व जमाखर्च यांवर प्रशासक या नात्याने मामलेदाराची देखरेख असते. जत्रेत पावणी होते, तेव्हा बोली सर्वांसमक्ष लागते. फणस कोणी किती रुपयांना घेतला हे सबंध गावाला कळते. देवाला वाहिलेल्या फणसाची किंमत चारचौघांत पुकारली जाते, आणि 'उद्योगरत्न' पुरस्काराच्या प्रायोजनाची रक्कम मात्र कोणास कळत नाही, ही विसंगती नव्हे काय?

अर्थात देवस्थानांचा कारभार निर्दोष आहे असे कोणी समजू नये. महाजनांच्या आपसांतील दाव्यांवर कित्येक वकिलांचे संसार चालले आहेत. शिवाय महाजनकी वंशपरंपरेने येते. सभामंडपात जमलेल्या प्रत्येकाला समितीला जाब विचारण्याचा अधिकार नसतो. वृत्तपत्राच्या सभागृहाची थोरवी तेथेच आहे. अंक विकत घेणारा, उसना घेणारा, चहाच्या दुकानात उभ्याउभ्या वाचणारा, मराठीत बोलणारा व कोंकणीत बोलणारा, सर्व तेथे सारख्याच अधिकाराने येऊ शकतात. देवळाच्या पंगतीला जे अद्याप साधले नाही, ते या सभागृहाला साधता येण्याजोगे आहे. ते न साधता पहिल्या दोन रांगा आरक्षित ठेवून समारंभ संपवावा, ही आमची खरी तक्रार आहे.

मग करावे काय? प्रायोजकाचे नाव जसे फलकावर लिहितात, तशी त्याने दिलेली रक्कम अंकात छापावी. पुरस्कारासाठी निवड करणारे परीक्षक जाहिरात-खात्याबाहेरचे असावेत व त्यांची नावे आधी जाहीर व्हावीत. प्रत्येक कार्यक्रमात निदान अर्धा तास वाचकांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवावा. 'वेळेअभावी' हा शब्द आभारप्रदर्शनाला लावावा, प्रश्नांना लावू नये. आणि वृत्तांत लिहिणाऱ्या बातमीदाराला एवढीच ताकीद असावी की, समारंभ दुसऱ्याच पत्राचा आहे असे समजून लिही.

यावर एक आक्षेप येईल, तो आम्हांस ठाऊक आहे: रक्कम छापली तर प्रायोजक येणार नाहीत, प्रायोजक गेले तर पत्र बंद पडेल, आणि बंद पडलेल्या पत्राची शुचिता कोणाच्या कामाची? आक्षेप हलका नाही. लहान पत्राच्या चालकाने महिनाअखेरीस कशी तोंडमिळवणी करावी लागते, हे आम्ही पाहिलेले आहे. परंतु रक्कम जाहीर होताच जो प्रायोजक पळेल, तो रकमेच्या मोबदल्यात काय मागत होता, याचाही विचार चालकाने करावा. आणि वाचक हा काही निव्वळ टाळ्या वाजविणारा नव्हे. देवळाचा कळस चढविण्यासाठी जो पदरमोड करतो, तोच माणूस आपल्या विश्वासाच्या पत्रासाठीही करू शकेल. त्याला तसे कोणी मोकळेपणाने विचारलेले मात्र नाही. वर्धापनदिनाच्या व्यासपीठावरून हिशेब वाचून दाखवून ही मागणी केली, तर तो दिवस सार्थकी लागेल.

वाचकांनीही आपली बाजू सांभाळावी. निमंत्रण आले की जावे, आदराने बसावे, चहा घ्यावा, आणि हात वर करून एक प्रश्न विचारावा. आपल्या गावच्या पाण्याचा, शाळेचा, कापलेल्या डोंगराचा असा एखादा प्रश्न असावा. मग घरी येऊन दुसऱ्या दिवशीचा अंक उघडावा व तो प्रश्न छापला आहे की नाही ते पाहावे. छापला असेल तर पुढल्या वर्षी शेजाऱ्यालाही बरोबर न्यावे. नसेल तर संपादकांस पत्र लिहावे, आणि तेही छापले न गेल्यास पुन्हा लिहावे.