जोडीतला दुसरा शब्द

नरकचतुर्दशीला पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचे, त्याचा कडू रस जिभेला लावायचा आणि मग फराळाला बसायचे, अशी कोकणात चाल आहे. त्या चालीचा आधार घेऊन मी येथे थोड्या कडू शब्दांविषयी लिहितो. हे शब्द इंग्रजीतले आहेत आणि ते नेहमी जोडीने हिंडतात.

इंग्रजीत शब्दांच्याही सोयरिकी ठरलेल्या असतात. टीका कठोर असली की ती ‘सिव्हिअर क्रिटिसिझम’. शब्दांनी केलेला हल्ला झोंबणारा असला की तो ‘स्केदिंग अटॅक’. चौकशीचा अहवाल कुणाच्या अंगाशी येणारा निघाला की तो ‘डॅमिंग रिपोर्ट’. आणि निषेध करायचा झाला की ‘स्ट्राँगली कन्डेम’. जे. आर. फर्थ या भाषाशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात या सोयरिकीला ‘कोलोकेशन’ हे नाव रूढ केले. इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला या जोड्या पाठ कराव्याच लागतात. त्यांवाचून त्याची भाषा परकी वाटते. तेव्हा त्या मोडून टाका, असे मी म्हणणार नाही.

या जोड्यांतली विशेषणे मुळात मोठी जहाल. ‘ब्लिस्टरिंग’ म्हणजे अंगावर फोड आणणारे, ‘विदरिंग’ म्हणजे रोप सुकवून टाकणारे, ‘कॉस्टिक’ म्हणजे जाळणारे. परंतु रोज चुलीत घातलेल्या लाकडाची राख होते, तशी त्यांची झाली आहे. जॉर्ज ऑरवेलने १९४६ साली आपल्या एका प्रसिद्ध निबंधात हीच तक्रार केली होती: तयार शब्दसमूह हाताशी असले की लेखकाचा विचार तेच करून टाकतात. माझी तक्रार मात्र थोडी निराळी आहे. पहिला शब्द गर्जत असतो, तेव्हा दुसऱ्या शब्दाकडे आपले लक्षच जात नाही. आणि निवाडा तर त्या दुसऱ्या शब्दातच दडलेला असतो.

याचे एक उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत जनरल डायरच्या हुकुमावरून १६५० गोळ्या झाडण्यात आल्या. मृतांचा सरकारी आकडा ३७९. पुढे हंटर समितीने चौकशी केली आणि १९२० साली अहवाल दिला. डायरने गोळीबार इतका वेळ चालू ठेवला, ही त्याची ‘ग्रेव्ह एरर’ झाली, असे बहुमताने लिहिले. वाचणाऱ्याला ‘ग्रेव्ह’ हा शब्द भारदस्त वाटतो. पण ‘एरर’ म्हणजे काय? चूक! हिशेबात होते तीही चूकच. चूक नकळत होते. डायरने तर समितीपुढे स्वतःच सांगितले होते की, गोळीबाराचा निश्चय तो आधीच करून आला होता.

समितीतल्या तीन हिंदी सभासदांनी वेगळा अहवाल लिहिला. त्यांत मुंबईचे नामांकित कायदेपंडित चिमणलाल सेटलवाड होते. त्यांनी डायरच्या कृत्याला ‘इनह्यूमन’ आणि ‘अन-ब्रिटिश’ म्हटले. ही विशेषणे कडक आहेतच. परंतु त्यांच्यापुढे नाम आले ते ‘मेथड’, म्हणजे रीत. रीत ठरवून अवलंबावी लागते. बहुमताच्या आणि अल्पमताच्या अहवालांतले सारे अंतर, मला वाटते, या दोन नामांत मावते. एकाने हात निसटला म्हटले, दुसऱ्याने हात उगारला म्हटले.

शंभर वर्षे लोटली. एप्रिल २०१९ मध्ये ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी पार्लमेंटात त्या घटनेला ‘शेमफुल स्कार’ म्हटले आणि ‘डीपली रिग्रेट’ असे शब्द वापरले. पुन्हा तेच! ‘स्कार’ म्हणजे व्रण. जखम भरून आल्यावर मागे राहतो तो. आणि ‘रिग्रेट’ म्हणजे खेद. खेद पाऊस न पडल्याचाही होतो. तो कितीही ‘डीप’ केला तरी त्याची क्षमायाचना होत नाही. खोली पहिल्या शब्दात होती. दुसरा शब्द उथळच राहिला.

आपल्या मराठीत रागावण्यासाठी अस्सल शब्द थोडे का आहेत? आपण खरडपट्टी काढतो, कान उपटतो, हजेरी घेतो, प्रसंगी बिनपाण्याने करतो. या शब्दांत रागावणारा आणि त्याचा हात दोन्ही दिसतात. परंतु पत्रके काढायला बसलो की आपल्या लेखणीतून ‘तीव्र नापसंती’, ‘गंभीर दखल’, ‘गंभीर त्रुटी’ अशा इंग्रजी वळणाच्या जोड्या उतरू लागतात. पूल कोसळून माणसे मेली तरी अहवालात ‘गंभीर त्रुटी’ आढळतात. त्रुटी कितीही गंभीर असली तरी ती त्रुटीच. तिला आईबाप नसतात.

म्हणून वाचकहो, कुणी कडक शब्दांत निषेध केला असे वाचाल, तेव्हा पहिला शब्द क्षणभर बोटाने झाका. दुसरा तेवढा वाचा. त्यात अपराध्याचा अपराध उरला असेल, तर तो निषेध खरा.