फुकटचा गेम नेमकं काय विकतो?

खोपोली लोकलमध्ये एका फोनभोवती चार डोकी वाकलेली दिसली, की बहुतेक वेळा लुडो चालू असतो. नवी मुंबईच्या गेमशन कंपनीने २०१६ मध्ये आणलेला लुडो किंग तुम्हीही खेळला असाल.

अशा गेम्सवर प्रस्ताव लिहिताना आपण लगेच स्किनरचं कबूतर आणतो: बक्षीस कधी मिळेल ते ठाऊक नसलं की ते टोचा मारतच राहतं. माझ्या पहिल्या मसुद्यातही ते होतंच. पण मग कँडी क्रश खेळाडूला थांबवतो कशाला? पाचदा हरलात की खेळ बंद, आणि एक लाइफ परत यायला ३० मिनिटं. पाचही भरायला अडीच तास. तेवढ्यात कर्जतहून सीएसएमटी गाठून चहाही होतो! इथे वाट बघायला लावतात आणि त्या वाट बघण्यातून सुटका विकतात. कबूतर हे सांगत नाही.

एका फोनवरच्या लुडोला असं कुलूप नाही. तिथे विकले जातात जाहिरातीवर पडणारे तुमचे डोळे. दोन्हींना ‘व्यसन’ म्हणून मोकळं झालात तर धंद्यातला हा फरक दिसतच नाही.

आणि मोजणार काय, डाउनलोड? डब्यात फोन एक, खेळणारे चार. कर्जत-खालापुरात प्रश्नावली वाटणार असाल, तर ‘किती वेळ खेळता’च्या आधी ‘फोन कोणाचा’ हे विचारा.