उसने नाव

'बलुतं' (१९७८) आणि रिचर्ड राइटचे 'ब्लॅक बॉय' (१९४५) यांची तुलना आपले समीक्षक वेदना-विद्रोह एवढ्यावर उरकतात. मला खरे साम्य नावात दिसते. मेम्फिसच्या ग्रंथालयात काळ्यांना पुस्तके मिळत नसत. राइटने गोऱ्या सहकाऱ्याचे कार्ड घेतले, त्याच्या नावाने चिठ्ठी लिहिली, संशय नको म्हणून तीत स्वतःलाच शिवी घातली. तेव्हा कुठे पुस्तके हाती पडली. 'बलुतं'त दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. जुने नाव पाठ सोडत नाही. फरक एवढाच, राइटचा रंग दारातच दिसे. आपल्याकडे आधी आडनाव विचारतात. सोमेश्वरनगरच्या वर्गात 'विद्रोह' म्हटले की मुले माना डोलावतात, चिठ्ठीपाशी मात्र गप्प होतात. तासानंतर एकाने हळूच विचारले, "सर, तीत आडनाव कुणाचं लिहिलं?"