लुटलं की सापडलं?

भुताखेतांचे सिनेमे म्हणजे पिटातल्या पब्लिकचा माल, असं प्रस्थापित समीक्षेला वाटतं. कलेच्या पंगतीत त्यांना पान मांडायचं नसतं. नका मांडू. पण १९६८ पासून अमेरिकेत मेलेली माणसं उठून चालायला लागतात असे सिनेमे निघतायत, आणि त्यांतल्या बहुतेकांत एक प्रसंग ठरलेला. शहर ओस पडलंय. दुकानाची काच फुटलीय, मालकाचा पत्ता नाही, आणि जगलेली चार माणसं आत शिरून डबाबंद अन्न, औषधं, काडतुसं पोत्यांत भरतायत. मला हा प्रसंग मेलेल्यांच्या दातांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. एरवी पोलीस, कोर्ट आणि कुलूप मिळून जो प्रश्न झाकून ठेवतात तो इथं उघडा पडतो. मालक नसला तर माल कुणाचा? आणि उचलणारा हात कुणाचा आहे, यावर त्या उचलण्याचं नाव ठरतं की काय?

आपण हे का वाचायचं? १९७२ साली मुंबईत ज्यांच्याकडनं पँथर हे नाव घेतलं, त्या काळ्या माणसांच्या मुलखातली ही गोष्ट आहे, म्हणून.

१.

आधी झोंबी कोण ते बघू. हा शब्द हैतीचा. हैती ही फ्रेंचांची साखरेची वसाहत. आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम तिथं उसाच्या मळ्यात मरेस्तोवर राबायचे. १७९१ साली ते उठले आणि १८०४ साली त्यांनी आपलं राज्य उभं केलं. गुलामी गेली, पण तिची भीती लोककथेत राहिली. या कथांतला झोंबी म्हणजे मांत्रिकानं थडग्यातून उठवून पुन्हा मळ्यावर जुंपलेला गडी. तो कुणाला चावत नाही, कुणाला खात नाही. तो फक्त राबतो. मरूनही ज्याची सुटका नाही असा वेठबिगार तो.

या कथेत एक बारकावा आहे. झोंबीला मीठ द्यायचं नाही. मीठ चाखलं की त्याला भान येतं, आपण मेलोय हे कळतं, आणि तो धन्याचं काम टाकून आपल्या थडग्याकडं चालू पडतो. आपल्याकडं 'मिठाला जागणं' म्हणजे धन्याशी इमान राखणं. हैतीच्या गुलामानं त्याच मिठाला उलटा अर्थ दिला. तिथं गडी मिठानं जागा होतो तो धन्याला सोडण्यासाठी.

१९१५ ते १९३४ अमेरिकेचं लष्कर हैतीवर बसलेलं होतं. त्याच काळात, १९२९ साली, विल्यम सीब्रुक या अमेरिकन लेखकाचं 'द मॅजिक आयलंड' आलं. त्यात साखर कंपनीच्या उसात राबणाऱ्या झोंबींची हकिकत आहे. मग १९३२ चा 'व्हाइट झोंबी' सिनेमा. त्यात साखर कारखान्यातला एक झोंबी यंत्रात पडतो आणि बाकीचे न थांबता यंत्र फिरवत राहतात. एवढं एक दृश्य त्या सिनेमात खरं आहे.

पुढं काय झालं? राबणारा गडी पडद्यावरून गेला आणि त्याच्या जागी खायला उठलेला जमाव आला. ज्याच्या घामानं दुकान भरलं तोच दुकानाच्या दाराबाहेरचा राक्षस झाला. हा बदल निरागस नाही.

२.

जमावाचा झोंबी आणला जॉर्ज रोमेरोनं. १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये त्यानं झोंबी हा शब्दच वापरला नाही, तो मागाहून चिकटला. त्या सिनेमाचा नायक बेन काळा आहे. रात्रभर तो मेलेल्यांशी झुंजतो, वाचतो, आणि सकाळी मदतीला आलेल्या गोऱ्यांच्या बंदुकधारी टोळीच्या गोळीनं मरतो. त्यांनी त्याला लांबून मेलेल्यांपैकीच समजलं. इथूनच आपली नजर ताठ झाली पाहिजे: काळा माणूस जिवंत आहे हे कळायला गोऱ्याला किती जवळ यावं लागतं?

दहा वर्षांनी, १९७८ साली, रोमेरोनं 'डॉन ऑफ द डेड' काढला. पिट्सबर्गजवळच्या मन्रोव्हिल मॉलमध्ये रात्री दुकानं बंद झाल्यावर त्याचं शूटिंग झालं. चार माणसं. दोन टीव्ही स्टेशनातली, दोन पोलिसातली. या पोलिसांतला पीटर काळा. स्टेशनचंच हेलिकॉप्टर पळवून ते मॉलच्या छपरावर उतरतात. दारांना ट्रक लावतात, आतल्या मेलेल्यांना मारतात, त्यांची मढी शीतगृहात रचतात, आणि मग सगळा मॉल त्यांचा. फरचे कोट, घड्याळं, बंदुका, उंची जेवण, बर्फावरचं घसरणं. बँकेत शिरून ते नोटांची बंडलंही उचलतात. नोटांना आता काडीची किंमत नाही. तरी उचलतात! हा प्रसंग विनोदी आहे आणि भयंकर आहे. बाजार मेला, पण बाजाराची सवय मेली नाही. बाहेरचे मेलेलेही त्याच सवयीनं मॉलच्या काचांना धडका देतायत. आतले आणि बाहेरचे सारखेच, हे रोमेरो सिनेमातल्या पात्रांच्या तोंडूनच सांगतो.

शेवटी मोटारसायकलवाल्यांची टोळी मॉल लुटायला येते. पीटर म्हणतो, गप राहू. पण टीव्हीवाला गोरा स्टीफन गोळी झाडतो. का? त्याच्या मते हे सगळं आमचं आहे, आम्ही ते घेतलंय. घेतलं म्हणून आमचं! काही महिन्यांपूर्वी हाच माणूस चोरून शिरला होता. आता तो मालक आहे आणि मागून येणारे दरोडेखोर. मालकी कशी जन्मते हे सांगायला पंडितांना ग्रंथ लागतात, रोमेरोनं ते दोन तासांत दाखवलं. आणि शिक्षाही दिली. स्टीफन चावला जातो, मरतो, उठतो, आणि आपल्या लपायच्या जागेचा रस्ता मेलेल्यांना स्वतःच दाखवतो.

इथवर रोमेरोला सलाम. पण समीक्षा म्हणजे नुसती आरती नव्हे. या सिनेमाच्या सुरुवातीला फिलाडेल्फियातली गरिबांची एक इमारत आहे. काळी आणि पोर्तो रिकोची माणसं तिथं राहतात. त्यांनी आपले मेलेले सरकारच्या ताब्यात दिले नाहीत, तळघरात ठेवले. पोलीस घुसतात. त्यांतला एक वर्णद्वेषी शिपाई दार तोडून दिसेल त्याला गोळ्या घालत सुटतो. मग हेलिकॉप्टर उडतं आणि कॅमेरा त्या इमारतीकडं पुन्हा कधीच येत नाही. त्या लोकांचं काय झालं? ते कुठल्या दुकानात गेले? त्यांना काय मिळालं? सिनेमाला माहीत नाही. ज्याच्याकडं हेलिकॉप्टर त्याचीच गोष्ट पुढं चालते. मॉलवर टीका करणारा सिनेमासुद्धा मॉलमध्येच राहतो, ही त्याची मर्यादा.

३.

ती मर्यादा रोमेरोलाही जाणवली असावी. कारण २००५ च्या 'लँड ऑफ द डेड'मध्ये त्यानं प्रश्न नीट उलटा केला: दुकानातून माल आणतो कोण आणि खातो कोण?

इथं नदीच्या कुशीत तटबंदी केलेलं शहर आहे. मधोमध 'फिडलर्स ग्रीन' नावाचा चकाचक टॉवर, त्यात श्रीमंत. भोवती झोपडपट्टी, त्यात बाकी सगळे. मेलेल्यांच्या ताब्यातल्या गावांत चिलखती गाडी घेऊन शिरायचं, आकाशात आतषबाजी उडवून मेलेल्यांचं लक्ष वर गुंतवायचं आणि तेवढ्यात दुकानं रिकामी करायची, हे काम झोपडपट्टीतल्यांचं. जीव त्यांचा जातो, दारू आणि सिगार वर टॉवरमध्ये जातात.

या टोळीतला चोलो मला सगळ्यात जवळचा वाटतो. टॉवरचा धनी कॉफमन, त्याची घाण हा चोलो उपसतो. नको असलेल्यांची मढी गुपचूप बाहेर नेऊन टाकतो. पैसे साठवतो. एक दिवस म्हणतो, मला वर एक घर द्या. पैसे आहेत माझ्याकडं. कॉफमन गोड बोलतो: यादी मोठी आहे, जागा थोडी आहे, मंडळ ठरवतं. मग शिपायांकरवी बाहेर काढतो. मित्रांनो, हे संवाद आपल्याला भाषांतर करून घ्यावे लागत नाहीत. मढं ओढायला चालतो, शेजारी चालत नाही. घर भाड्यानं मागायला गेलेल्या आपल्या माणसाला हेच उत्तर मिळतं, फक्त आधी आडनाव विचारतात.

आणि समोरच्या बाजूला बिग डॅडी. मेलेला, काळा, पेट्रोल पंपावरचा कामगार. पंपाची घंटी वाजली की हा मेलेला उठतो आणि पंपाची नळी हातात घेतो. मेला तरी ड्यूटी सुटली नाही! इथं रोमेरो नकळत हैतीला परत गेला. हा उसाच्या मळ्यातलाच गडी आहे. फरक एवढाच की तो आतषबाजीकडं बघायचं सोडतो, बाकीच्यांना वळवतो, आणि टॉवरच्या दिशेनं चालू लागतो. त्याला मीठ मिळालं.

४.

हा सिनेमा अमेरिकेत जून २००५ मध्ये लागला. २९ ऑगस्टला कॅटरिना वादळ आलं. न्यू ऑर्लिन्सचे बांध फुटले आणि शहराचा सुमारे ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. शहराची दोन-तृतीयांश वस्ती काळ्यांची. ज्यांच्याकडं गाडी होती ते निघून गेले. बाकीचे ओस दुकानांपुढं छातीभर पाण्यात उभे. सिनेमातला प्रसंग खरा झाला, फक्त झोंबी नव्हते.

३० ऑगस्टचे दोन फोटो गाजले. दोन वृत्तसंस्थांचे. एकात काळा तरुण खाण्यापिण्याचं सामान ओढत पाण्यातून चाललाय. खाली लिहिलं: किराणा दुकान लुटून. दुसऱ्यात एक गोरा आणि एक गोरी, हातात सामान, तसंच पाणी. खाली लिहिलं: दुकानातून पाव आणि सोडा सापडल्यावर. ओरड झाली तेव्हा खुलासे आले. पहिली संस्था म्हणाली, आमच्या छायाचित्रकारानं त्या तरुणाला दुकानात शिरताना पाहिलं. दुसरा छायाचित्रकार म्हणाला, माल पाण्यावर तरंगत होता, तो त्यांनी उचलला. दोघंही खरं बोलत असतील. माझं भांडण त्या दोघांशी नाही. भुकेलेला माणूस पुरात पाव घेतो तेव्हा त्याला दोन क्रियापदं तयार असतात आणि कुठलं कुणाला लागायचं हे आधीच ठरलेलं असतं, भांडण त्याच्याशी आहे.

कारण शब्दामागून हुकूम येतो. ३१ ऑगस्टला महापौरानं सुमारे दीड हजार पोलीस माणसं वाचवण्याच्या कामावरून काढून लुटारूंच्या मागं लावले. महापौर स्वतः काळा होता. खुर्ची गोऱ्यांनी घडवली की तिच्यात बसणाऱ्याच्या तोंडीही तिचाच शब्द येतो. ४ सप्टेंबरला डॅन्झिगर पुलावर पोलिसांनी निःशस्त्र काळ्या माणसांवर गोळ्या झाडल्या. दोन मेले, चार जखमी. त्यांतलं एक कुटुंब पलीकडच्या दुकानात सामान आणायला निघालं होतं. पोलिसांनी खोटे कागद रंगवले. २०१६ साली पाच जणांनी कोर्टात गुन्हा कबूल केला. अकरा वर्षं लागली. बेनला लांबून गोळी घालणारी ती १९६८ ची टोळी आठवा.

आणखी एक. त्या मजकुरातला इंग्रजी शब्द 'लूटिंग'. हा 'लूट' इंग्रजांनी इथूनच नेला. कंपनीच्या फौजा आपला मुलूख धुऊन नेत होत्या तेव्हा मालाबरोबर शब्दही गेला. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा टिपूचा खजिना फौजेनं हुद्द्याप्रमाणं वाटून घेतला आणि त्या हिश्शाला नाव दिलं बक्षीस! साहेबानं नेलं ते बक्षीस. पुरातल्या पोरानं पाव नेला ती लूट.

म्हणून या सिनेमांकडं नाक मुरडू नका. ते बघा आणि प्रत्येक वेळी विचारा: फळीवरचा डबा कुणी भरला? आणायला कुणाला पाठवलं? खायला कोण बसलं? आणि दंगलीचा, पुराचा, दुष्काळाचा फोटो समोर आला की आधी खालचा मजकूर हातानं झाका. फोटोतला माणूस बघा, त्याच्या हातात काय आहे ते बघा. मग हात काढा आणि क्रियापद वाचा. आपल्याला शाळेत शिकवलं की क्रियापद कर्त्याप्रमाणं बदलतं. ते व्याकरण किती खरं आहे ते तिथं कळेल.