क्रियापदाचें शेपूट

जिंतूर किंवा पाथरी येथील विद्यालयांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलास ‘पोस्टपोन’ म्हणजे काय तें विचारा; तो चटकन् सांगेल. ‘टॉलरेट’, ‘एक्स्टिंग्विश’, ‘डिस्कव्हर’ हे शब्दही त्यानें अर्थासह पाठ केलेले असतात. पण समोरचा मनुष्य त्याच गोष्टी ‘पुट ऑफ’, ‘पुट अप विथ’, ‘पुट आऊट’, ‘फाइंड आऊट’ अशा साध्या बोलीनें सांगूं लागला, कीं हा गोंधळतो. ‘पुट’ म्हणजे ठेवणें, ‘आऊट’ म्हणजे बाहेर. मग ‘पुट आऊट द लॅम्प’ म्हणजे दिवा बाहेर ठेव असें कां नव्हे? त्याची शंका अगदीं रास्त आहे. तिचें समाधान करण्याऐवजीं आपण त्याच्या हातीं एक यादी देतों, हें दुर्दैव.

यांत त्याच्या बुद्धीचा दोष कांहीं नाहीं. १७५५ सालीं आपला कोश प्रसिद्ध करतांना डॉ. जॉन्सननें प्रस्तावनेंतच मान्य केलें होतें कीं, क्रियापदामागें लहानसें अव्यय लावून अर्थ पालटण्याची इंग्रजीची ही रीत परक्यांस फार जड जाते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं ज्याच्यावर निबंधमालेंत लिहिलें, तोच हा जॉन्सन. या क्रियापदांचें ‘फ्रेझल व्हर्ब’ हें नांव मात्र बरेंच अलीकडचें आहे. लोगन पिअर्सल स्मिथ यानें तें १९२५ सालच्या आपल्या पुस्तकांत वापरलें, आणि तें सुचविल्याचें श्रेय ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांस दिलें.

आतां आपल्याकडील मार्गदर्शिकांकडे पहा. ‘गेट’खालीं एक रांग, ‘पुट’खालीं दुसरी, ‘टेक’खालीं तिसरी, प्रत्येकासमोर एक मराठी अर्थ आणि त्याखालीं एक वाक्य. मुलें तेंच वाक्य उत्तरपत्रिकेंत उतरवितात, गुण मिळवितात आणि महिन्याभरांत सारें विसरतात. या मांडणींत मूळ चूक ही कीं, तिनें सूत्र क्रियापदाच्या हातीं दिलें आहे. खरी किल्ली बहुधा मागच्या शेपटींत असते, आणि तें शेपूट ओळखण्याची विद्या मराठी मूल घरूनच घेऊन येतें.

तें कसें, हें पाहूं. ‘लिही’ हें एक क्रियापद. त्याचें ‘लिहून घे’, ‘लिहून ठेव’, ‘लिहून दे’, ‘लिहून काढ’, ‘लिहून टाक’ असें किती तऱ्हांनीं होतें! ‘लिहून टाक’ म्हणतांना कागद फेकण्याची कल्पना कोणाच्याही मनांत येत नाहीं. ‘बोलला’ आणि ‘बोलून बसला’ यांतील अंतर चार वर्षांच्या पोरासही कळतें; बसण्याचा तेथें कांहीं संबंध नाहीं, हें त्यास सांगावें लागत नाहीं. मोरो केशव दामले यांनीं १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणां’त संयुक्त क्रियापदांचा विचार केलेलाच आहे. आणि संस्कृताकडे वळलें, तर एकाच ‘हृ’ धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार हे शब्द उपसर्गाच्या बळावर झाले, हें संस्कृताच्या पहिल्या पाठांतच शिकवितात. तेथें शेपूट नसून शिंग आहे, एवढाच भेद.

या दृष्टीनें ‘अप’ या एका शब्दाकडे पहावें. ‘ईट’ म्हणजे खाणें, ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाकणें. ‘टेअर अप’ म्हणजे फाडून टाकणें. वैशाखांत आपल्याकडील विहीर ‘ड्राय अप’ होते, म्हणजे आटून जाते. क्रिया पुरी तडीस गेली, एवढेंच येथें ‘अप’ सांगतो. ‘अवे’ घ्या: ‘रन अवे’ पळून जा, ‘थ्रो अवे’ फेकून दे, ‘गिव्ह अवे’ देऊन टाक. ‘ऑन’ घ्या: ‘रीड ऑन’ वाचत रहा, ‘वॉक ऑन’ चालत रहा. एवढें एकदां उमगलें, कीं पुढें न शिकविलेलें क्रियापद समोर आलें तरी मूल अंदाज बांधूं लागतें.

हें साम्य शेवटपर्यंत टिकतें असें मात्र कोणी समजूं नये. मराठींतील दुसरें क्रियापद पुष्कळदां बोलणाराचें मन दाखवितें; ‘बोलून बसला’ यांतील पश्चात्ताप इंग्रजीच्या कोणत्याही शेपटींत सांपडावयाचा नाहीं. उलट ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणें, हें कोणत्याच युक्तीनें उलगडत नाहीं. तें ‘हात टेकणें’ या आपल्या प्रयोगासारखें जसेंच्या तसें घ्यावें लागतें. शब्दांच्या क्रमाची अडचण याहूनही नाजूक आहे. ‘विझवून टाक’ यांच्यामध्यें आपण फार तर एखादा ‘च’ किंवा ‘तर’ घालतों. इंग्रजींत कर्म सर्वनाम असलें, तर तें मध्येंच बसलें पाहिजे: ‘पुट इट आऊट’. आपला विद्यार्थी ‘पुट आऊट इट’ म्हणतो, तो मराठीच्या कानानें.

परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होती, आणि १९१८ सालीं स्थापन झालेलें उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचें होतें. त्या पिढीचा विद्यार्थी घरीं मराठी, शाळेंत उर्दू आणि तिसरी इंग्रजी अशा तीन भाषा वागवीत असे. ‘मार डालना’, ‘रो पडना’, ‘खा जाना’ यांतही तीच रीत. म्हणजे एका सूत्राचे दोन साक्षी त्याच्यापाशीं होते.

आजच्या मुलाभोंवतीं तर इंग्रजी शेपट्यांची गर्दी आहे. मोंढ्यावर कापूस आणणारी ‘पिकअप’, दवाखान्यांतील ‘चेकअप’, ‘फॉर्म फिलअप केला’, ‘यंदा पासआऊट झाला’. पण मराठीनें यांतील क्रियापदाचा जीव काढून घेतला, त्याचें नाम केलें आणि तें ‘करणें’-‘होणें’ यांच्या जुवाला जुंपलें. म्हणून ओळखीचा शब्दही इंग्रजी वाक्यांत भेटला कीं परका वाटतो. दुसरीकडे ‘कोप विथ’ला आपण ‘अप’ जोडून ‘कोप अप विथ’ करतों. शेपूट हवें एवढें कळलें आहे, कोणतें हवें तें कळलेलें नाहीं. ‘ब्रिंग फॉरवर्ड’ ओठांवर नसल्यामुळेंच आपण ‘प्रीपोन’ घडविला असावा, असें आम्हांस वाटतें. शब्द झकास आहे, आणि तो टाकून द्यावा असें आम्ही म्हणणार नाहीं.

महाराष्ट्रांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवितात. इतकीं वर्षें ती शिकून पालम किंवा सोनपेठचा मुलगा नोकरीसाठीं पुण्यास जातो. त्याचा अर्ज ‘टर्न डाऊन’ झाल्याचें दूरध्वनीवर सांगितलें जातें, आणि तो ‘थँक यू’ म्हणून खालीं ठेवतो. ‘रिजेक्ट’ म्हटलें असतें तर त्यास तत्काळ कळलें असतें. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आज कोणास कितीही जुनाट वाटो, लहान लहान वाक्यें उलटसुलट भाषांतरित करून घेण्याची तिची पद्धति या कामीं यादीहून सरस आहे. एका तासाला एकच शेपूट घ्यावें, दहा मराठी वाक्यें द्यावीं, आणि सारीं घरांतलीं, शेतांतलीं असावींत: चूल विझव, दूध सांडून गेलें, विहीर आटून गेली, गाय पळून गेली.